चिकटलेला माणूस ओरडत नाही

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि एकाच वेळी रागावतो. त्यापेक्षा आईचा जुना नियम बरा. "भांडायचं असेल तर कागदावर भांडा, माझ्या घरात आरडाओरडा नको." एकाच खोलीत बसून आपण एकमेकींना पत्रं लिहायचो आणि आई बिचारी पोस्टमन व्हायची. आठवलं की अजून हसू येतं.

तर सोबत दोन पास आहेत. येत्या शनिवारी संध्याकाळी तुमच्या शहरात आमच्या बँडचा कार्यक्रम आहे. आमच्या म्हणजे मी गात नाही, घाबरू नकोस! माझा नवरा त्यांचं साउंड बघतो, म्हणजे माइक, स्पीकर, वायरी हा सगळा संसार त्याच्या गळ्यात. हा बँड कुठल्या कंपनीने उभा केलेला नाही. चौघं स्वतःच गाणी लिहितात, स्वतःच वाजवतात आणि भिंतीवर पोस्टरही स्वतःच चिकटवतात. मागे भाऊजी आमच्याकडे आले होते तेव्हा सगळी गाणी मोबाइलमध्ये भरून घेऊन गेले. खांबावर चढल्यावर ऐकतात म्हणे. वीजवाला खांबावर गाणी ऐकतो आणि लोक विचारतात लाईट का गेली!

तुमच्या लग्नाचा वाढदिवसही त्याच आठवड्यात येतो. तू "मला नाही जमायचं, गुडघे दुखतात" असं काहीबाही सांगणार, ते मी ऐकणार नाही. एकदा नवऱ्याबरोबर उभं राहून नाच. शेवटच्या गाण्यापर्यंत थांब मात्र. त्या गाण्यात आमचा गायक, आम्ही त्याला काडी म्हणतो, इतका बारीक आहे, तर तो काडी गाता गाता एकदम ताठ होतो. गिटार हातात, ओठ माइकला, आणि नुसता थरथरत उभा. लोक वेडे होतात. तो त्याचा खास प्रकार आहे.

मी येणार नाही, घरी पाहुणे आहेत. हा भेटेल तुम्हाला. जाऊन आलात की लगेच लिही.

तुझी चिंगी


१२ फेब्रुवारी

चिंगे,

जाऊन आलो. हे सरकारी दवाखान्यात आहेत. डावा हात बेडीने पलंगाला बांधलाय आणि दाराशी पोलीस बसलाय. जबडा मोडलाय, दात तारेने आवळून बांधलेत, तीन बरगड्या गेल्यात. उजव्या हाताची बोटं बुटांखाली चिरडलीत. हे सगळं तुला तुझ्या नवऱ्याकडून कळलंच असेल, पण त्याने काय सांगितलं असेल ते देव जाणे, म्हणून माझ्याकडून ऐक.

ते जुनं गोदाम. बसायला खुर्ची नाही, सगळी उभी. माझ्या बाजूला पोरंपोरी कोपरं मारत उड्या मारत होती. मी यांना म्हटलं, "याला गाणं म्हणतात? आमच्या गिरणीत पट्टा तुटला की असाच आवाज होतो." हे हसले. त्यांना प्रत्येक शब्द पाठ! पंचेचाळिशीचा माणूस, डोक्यावरचे केस गेलेले, पण उड्या मारत होता. मला मेलीला लाज वाटली आणि बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन गाण्यांनंतर मीही यांचा हात धरून थोडी हलले.

मग ते शेवटचं गाणं. तुझा तो काडीपैलवान ताठ झाला. लोक किंचाळायला लागले. मी यांच्याकडे बघितलं तर हे थांबलेले. माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले, आणि म्हणाले, "टाचा बघ." एवढंच. मी म्हणते कसल्या टाचा, तोवर हे गर्दीत घुसले होते.

चिंगे, मी या माणसाला कुत्र्याला दगड मारताना पाहिलेलं नाही. त्याने दोन पोरांना कोपराने बाजूला पाडलं आणि स्टेजवर उडी मारली. ड्रमवाल्याच्या मागे एक लाकडी स्टूल होतं, पाण्याच्या बाटल्या ठेवलेलं. बाटल्या लाथेने उडवल्या, स्टूल उचललं आणि त्या पोराच्या हातावर हाणलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचं मी खालून पाहिलं. हात कोपराखाली भलतीकडेच वळला. गिटार एकीकडे, माइक एकीकडे, पोरगा पाठीवर पडला आणि मगच ओरडला.

त्यानंतर लोक यांच्यावर तुटून पडले. यांनी हात वर केले होते, काहीतरी सांगत होते, पण पहिलाच ठोसा जबड्यावर बसला. खाली पाडून लाथा घातल्या. एकाने केस नाहीत म्हणून कान धरून डोकं फळीवर आपटलं. मी वर कशी चढले मला माहीत नाही. माझ्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती. तिने मी तीन जणांना फोडलं. एकाच्या दंडाला चावले, तोंडात रक्त आलं, ते माझं नव्हतं. बाटलीला पोचे पडलेत. मला काडीचाही पश्चात्ताप नाही!

आणि तुझा नवरा? तो कोपऱ्यात आपल्या वायरी गुंडाळत होता. कुणी परका नाही, सख्ख्या साडूला मारताहेत, आणि हा वायरी गुंडाळतोय.

आता हे बोलू शकत नाहीत, लिहू शकत नाहीत. नुसते माझ्याकडे बघतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. पोलीस म्हणतात जीवघेण्या हल्ल्याचा गुन्हा आहे. मला एकच कळव. त्या काडीचं आणि यांचं काही जुनं वैर होतं का? यांनी का मारलं गं त्याला?

तुझी ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पण तू मला विचारतेस? मी तुला विचारायला हवं! भाऊजी पिऊन आले होते का? तुला राग येईल, येऊ दे.

काडीच्या हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. आत पट्टी घालून स्क्रू मारलेत. त्याची आई रोज माझ्या नवऱ्याला फोन करून रडते, कारण पास आमच्या नावावर गेले होते. सगळे आमच्याकडे बोट दाखवतात. वैर वगैरे काही नाही, तो भाऊजींना ओळखतसुद्धा नाही. बँडवाले म्हणतात, हा माणूस गाणी ऐकून डोक्यात गेलेला, असे असतात काही. तक्रार मागे घ्यायला कोणी तयार नाही.

आणि माझ्या नवऱ्याला नावं ठेवू नकोस. तिथे सामान त्याच्या जबाबदारीवर होतं. साठ जण अंगावर आलेले, तो एकटा काय करणार होता? वायरी गुंडाळल्या नसत्या तर लोक त्यात अडकून पडले असते.

तू चावलीस तो माणूस पण तक्रार करणार होता. याने हातापाया पडून त्याला थांबवलं. तेवढं तरी लक्षात ठेव.

चिंगी


२ मार्च

चिंगे,

तुझ्या जिभेला काही हाड? पिऊन आले होते का म्हणे! लग्नात सरबताच्या पेल्याचाही वास घेऊन बघणारा माणूस तो. तुझं पत्र मी दोन दिवस उशीखाली ठेवलं, फाडून टाकायचं होतं. मग यांना बोलता यायला लागलं. दात अजून बांधलेलेच आहेत, दातांच्या फटीतून बोलतात, पण कळतं.

पहिलं वाक्य काय असेल? "पोरगा जगला?"

मी म्हटलं जगला, आणि आता तुम्हाला तुरुंगात घालतोय. तर यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मग ठीक आहे." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ठीक आहे काय ठीक आहे? तेव्हा सगळं सांगितलं.

तो पोरगा करंटला चिकटला होता.

हे म्हणतात, नाटक करणारा माणूस कितीही ताठ झाला तरी त्याच्या टाचा जमिनीवर असतात. करंट लागला की पोटऱ्या आवळतात आणि टाचा आपोआप उचलल्या जातात. आणि चिकटलेला माणूस ओरडत नाही. ज्याला ओरडता आलं तो सुटला. त्या पोराचा आवाज गाण्याच्या मध्येच बंद पडला, तोंड उघडं राहिलं, मानेच्या शिरा टरारल्या, आणि लोक म्हणत होते काय भारी करतो! तुला आठवतं मी काय लिहिलं होतं? पडला आणि मगच ओरडला. मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला कळलं नाही.

यांच्या कामात रीतच आहे. आधी स्विच शोधायचा. स्विच हाताशी नसेल तर सुकं लाकूड घ्यायचं आणि मारायचं. हात लावायचा नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही. आणि मारायचं ते दया न करता, कारण दयेने मारलेला फटका कमी पडतो आणि माणूस चिकटलेलाच राहतो. हे नवीन असताना यांच्यासमोर एक जण तारेला चिकटला होता. त्याच्या जोडीदाराला राहवलं नाही, तो हाताने ओढायला गेला, आणि दोघंही गेले. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हाड मोडलं तर जोडता येतं. आधी मारा. रडायचं ते खाली उतरल्यावर."

पोलिसांना सांगितलं तर ते हसले. म्हणे पोराच्या हातावर भाजल्याची खूण कुठेय? खूण नाहीच. चटका बसायच्या आत यांनी मारलं, तोच यांचा गुन्हा झाला. अजून जरा उशीर केला असता तर पुरावा मिळाला असता आणि पोरगा मेला असता.

आता तू मला नीट उत्तर दे. गिटारचा आवाज मोठा करायचा तो जो डबा असतो, त्याच्या प्लगला तीन पिना असतात. त्यातली जाड आणि लांब ती अर्थिंगची, गळका करंट जमिनीत नेणारी; ती नसली की तो गिटारच्या तारांतून माणसाच्या अंगात शिरतो. ती पिन जागेवर होती का? तुझ्या नवऱ्याला विचार. त्याने खरं सांगितलं तर हे सुटतील. नाही सांगितलं तर यांची नोकरी जाईल, आणि पाच-सात वर्षं आत जातील. बहीण म्हणून विचारतेय, चिंगे. भीक मागतेय म्हण.

ताई


१० मार्च

ताई,

मी विचारलं. तिन्ही पिना जागेवर होत्या आणि आहेत. पोलिसांनीही येऊन तपासल्या. मी स्वतः डोळ्यांनी पाहिल्यात. करंट वगैरे काही नव्हता. काडी म्हणतो त्याला हाताला झिणझिण्या आल्यासारखं काहीतरी झालं, पण ते गाण्याच्या नादात त्याला नेहमीच होतं. भाऊजींचा गैरसमज झाला असेल, पण त्यासाठी माझ्या नवऱ्याच्या पोटावर पाय देऊ नकोस. त्याने त्या दिवशी किती मेहनत घेतली होती तुला कल्पना नाही. त्या गोदामात स्पीकरमधून सारखा घूं घूं आवाज येत होता, बँडवाले म्हणाले असं असेल तर आम्ही वाजवत नाही. याने एकट्याने खटपट करून तो आवाज घालवला, म्हणून कार्यक्रम झाला. त्याचं हे फळ?

आणखी एक. तुला दुसरीकडून कळून वाईट वाटण्यापेक्षा मीच सांगते. त्या मारामारीचा व्हिडिओ सगळीकडे फिरलाय आणि बँडला एकदम मागणी आलीय. काडीने प्लास्टर घालून परत गायला सुरुवात केली, गिटार आता दुसऱ्या हाताने नुसती छेडतो. शेवटच्या गाण्यात तो ताठ झाला की लोक ओरडतात, "मार! मार!" पोरं पिवळी हेल्मेटं घालून येतात. मग एक जण वायरमन बनून स्टेजवर चढतो आणि थर्माकोलचं स्टूल त्याच्या पाठीत घालतो. मला ते आवडत नाही. पण लोक हसतात, आणि हसताहेत तर राग निवळेल, असा मी विचार करते.

आता केस संपेपर्यंत पत्र लिहू नकोस. आमच्या वकिलाने सांगितलंय.

एक उगाच विचारते. लाकूड कुठलंही चालतं का?

चिंगी


१५ मार्च

चिंगे,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितेय. तुझा वकील गेला खड्ड्यात.

यांना जामीन मिळाला, घरी आणलंय. तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. थर्माकोलच्या स्टुलाचं वाचताना माझ्या तोंडात शिव्या येत होत्या. हे मात्र शांत ऐकत होते. घूं घूं आवाजाशी आले तशी मला थांबवलं. "परत वाच," म्हणाले. परत वाचलं. मग विचारलं, "आवाज कसा घालवला म्हणे?"

मी म्हटलं खटपट करून.

यांनी माझ्या हातून पत्र घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, तो आवाज अर्थिंगच्या वायरीतून येतो. पिन कापली की जातो. आळशी माणसाची खटपट तीच. पक्कड घ्यायची आणि कापायची.

म्हणजे तुझा नवरा खोटं बोलतोय, आणि तुला ते माहितेय. मी तुला लहानपणापासून ओळखते गं. खोटं बोलताना तू नेहमी "स्वतः डोळ्यांनी पाहिलं" म्हणतेस. आईची बरणी फुटली तेव्हाही मांजराला तू स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतंस.

मला वाटत होतं आत्ताच्या आत्ता यावं आणि तुझ्या नवऱ्याचं नरडं धरावं. खरंच सांगते, मी पिशवी भरली होती. यांनी अडवलं. यांची उजव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत, खांबावर परत चढता येणार नाही, आणि हे मला काय म्हणाले? "केसचं नंतर बघू. आधी तिला लिही, पुढच्या कार्यक्रमाच्या आधी पिन लाव म्हणावं. तो पोरगा रोज त्याच डब्याला तोंड देऊन उभा राहतोय. एकदा वाचला, दर वेळी वाचणार नाही. आणि आता तर सगळे हसणार, कुणाला कळणारसुद्धा नाही."

तर मी केससाठी काही मागत नाही. पिन लाव. नवऱ्याला सांग, भांड, चोरून लाव, काय करायचं ते कर.

आणि तू विचारलंस म्हणून. लाकूड कुठलंही चालतं, पण कोरडं हवं आणि खिळ्यापट्टीचं नको. पायाखाली पाणी नको. आधी स्विच बघ. मारायचं ते हातावर, कोपराच्या खाली, आणि धरलेली वस्तू सुटेपर्यंत. उगाच कोणी असं विचारत नाही, चिंगे.

ताई


४ एप्रिल

ताई,

मी डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे. उजवं मनगट सुजलंय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी याला विचारलं. आधी हसला. मग मी पेटीतून ती वायर काढून त्याच्यासमोर धरली. ताई, वायरी दोन आहेत. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. पोलिसांना दाखवली ती नवी, तीन पिनांची. वाजवायची ती जुनी, तिला दोनच पिना आणि तिसरीच्या जागी कापलेला खुंट. मी ती फेब्रुवारीतच पाहिली होती. तुझं दुसरं पत्र यायच्याही आधी.

म्हटलं, नवी लाव. तर म्हणाला, "नवी लावली की घूं घूं येतो. आणि आता वायर बदलली तर ते कबूल केल्यासारखं होईल." मी वायर खिडकीतून फेकायला गेले तर त्याने माझा हात पिरगाळला आणि मला कपाटावर ढकललं. आमच्या लग्नात पहिल्यांदा. लगेच घाबरून पाणी आणलं, सॉरी म्हणाला. मी गप्प बसले. त्याला तुरुंगात बघायचं नव्हतं मला, आणि भाऊजी तर तसेही अडकलेच होते, असा मी हिशेब केला. असा हिशेब करणारी तुझी बहीण आहे, हे तुला माहीत असलेलं बरं.

परवा मोकळ्या मैदानावर दुपारचा कार्यक्रम होता. तो म्हणाला, "तूही चल, बघ एकदा, काही होत नाही." म्हणून मी गेले. नवराबायको मिळून गाणी ऐकायला, तुमच्यासारखीच. स्टेजच्या बाजूला त्याच्याजवळ उभी होते. मी जाताना जनरेटर कुठेय ते बघून ठेवलं होतं. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळी गर्दी. तेव्हा खुर्च्या बघितल्या. पाहुण्यांसाठी घडीच्या लाकडी खुर्च्या होत्या, त्यातली एक ओढून शेजारी ठेवली. याने विचारलं, बसतेस का? मी म्हटलं हो.

शेवटचं गाणं आलं. काडी ताठ झाला. समोर सगळी पिवळी हेल्मेटं. "मार! मार! मार!" मी त्याच्या टाचा बघत होते. टाचा जमिनीवर होत्या. थर्माकोलवाला आला, त्याने पाठीत घातलं, लोक हसले. काडीपण हसला. मला इतकं बरं वाटलं की मी टाळ्या वाजवल्या. मग तो परत गायला माइककडे वाकला, ओठ टेकले, प्लास्टरमधून बाहेर राहिलेला तळहात गिटारच्या तारांवर पडला, आणि टाचा उचलल्या गेल्या.

लोकांना वाटलं परत करून दाखवतोय. "मार! मार!" आणखी जोरात. थर्माकोलवाला परत मारायला लागला. काडीचं तोंड उघडं आणि आवाज नाही.

ताई, याला माझ्या आधी कळलं. मी खुर्चीला हात घालतेय तोवर हा धावला होता. त्याला माहीत होतं म्हणूनच धावला. मी ओरडले, हात लावू नको! "मार! मार!"मध्ये कोणाला ऐकू जाणार? त्याने काडीचा हात धरला आणि तोही तसाच उभा राहिला. दात आवळलेले, डोळे उघडे, माझ्याकडे. लोक अजून हसत होते. त्यांना वाटलं हा नवा भाग आहे.

मी खुर्ची घडी केली आणि नवऱ्याला मारलं. कोपराच्या खाली. पहिला फटका कमी पडला, ताई. मी दया केली. तुझं पत्र पाठ असूनही दया केली. तो तसाच उभा. मग मी दुसरा मारला तो त्याचा हात तुटावा म्हणूनच मारला. हाड मोडल्याचं माझ्या हाताला कळलं. तो सुटून पडला आणि ओरडला. त्या ओरडण्याने मला इतका आनंद झाला! मग काडीला मारलं. प्लास्टर फुटलं, तरी सुटेना. परत मारलं, परत मारलं. खुर्चीचा पाय मोडला तेव्हा तो खाली आला. त्याच्या तळहाताचा धूर येत होता. मग लोकांचं हसू थांबलं. मला कोणी मारलं नाही. मी मोडकी खुर्ची घेऊन उभी होते, आणि जो जवळ येईल त्याला मारलं असतं.

दोघं जगले. काडीची दोन बोटं कापावी लागली, ओठ भाजलाय. याचा हात दोन ठिकाणी मोडलाय, बोटांच्या पेरांवर काळे डाग. शुद्धीवर आल्यावर पोलीस समोर होता. मी काही बोलायच्या आत हाच म्हणाला, "पिन मी कापली. दोन्ही वेळी वायर तीच होती." सही डाव्या हाताने केली. काडीच्या आईने तक्रार मागे घ्यायचा अर्ज दिलाय. ती मला म्हणाली, तुमच्या भाऊजींना सांगा, मी येऊन पाया पडेन.

मला रडू येत नाही. मी याच्या पलंगाशी बसते, त्याला चमच्याने भरवते, आणि माझा हात थरथरतो. तो माझ्याकडे बघायला घाबरतो. की मीच त्याच्याकडे बघायला घाबरते? भाऊजींना विचार, मारल्यावर हा हात किती दिवस थरथरतो?

चिंगी


९ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. काडीच्या दोन बोटांशी आले तेव्हा यांनी स्वतःची न वाकणारी दोन बोटं बघितली आणि म्हणाले, "पोरगा गाईल ना पण?" मी म्हटलं, गाईल. मग पहिला फटका कमी पडल्याचं परत वाचायला लावलं. म्हणाले, "पहिला सगळ्यांचा कमी पडतो. माझाही पडला होता. म्हणून तर दोन मारले." ते मी पाहिलं होतं, आणि मला वाटलं होतं रागाने मारताहेत.

तुझ्या नवऱ्याला मी माफ केलेलं नाही. माझ्या माणसाचा हात गेला आणि तो वायरी गुंडाळत होता, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, तोंडावर सांगणार आहे. पण मी त्याला बाटलीने मारणार होते ते रद्द. तू मारलंस तेवढं आपल्या दोघींच्या वाटणीचं झालं. आणि शेवटी तो धावला, तेही मी विसरणार नाही.

तू फेब्रुवारीतच ती वायर पाहिली होतीस. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. समोरासमोर भांडू. कागदावर हे मावणार नाही.

हाताचं विचारलंस. हे म्हणतात, थरथर अशी जात नाही. ती रडल्यावर जाते. स्टेजवर लोक लाथा घालत होते तेव्हा हे रडत होते, मला वाटलं मारामुळे. तर म्हणाले, "नाही गं. पोरगा ओरडला होता ना. माझं काम झालं होतं." पत्र संपल्यावर मला म्हणाले, "चिंगीला लिही, दोघं जगले. आता खाली उतर म्हणावं."

तेव्हा रडून घे. त्याच्यासमोरच रड, बघू दे त्याला. मी गुरुवारी सकाळी पोचते.

तुझी ताई